बटणांवरून बोलणारी माणसं

सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या मांडीवर कीबोर्ड नसतो. ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम कॉम्प्युटरवरून कन्सोलवर नेण्याचा जो पाव शतकाचा इतिहास आहे, त्यातली सगळ्यात अवघड गाठ हीच होती, असं माझं ठाम मत आहे. चित्रांतला तपशील कमी करता येतो, नकाशा आटोपशीर करता येतो, एका मैदानात किती राक्षस सोडायचे तेही ठरवता येतं. पण हजारो अनोळखी माणसांना एका जगात आणून सोडायचं आणि त्यांना एकमेकांशी बोलायचं साधनच द्यायचं नाही, हे कसं जमावं? या खेळांचा जन्म मुळात टायपिंगमधून झालेला. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ रचला, त्यात चित्र नव्हतंच. खेळाडू वाक्य टाइप करायचा आणि जग त्याला वाक्यातच उत्तर द्यायचं. १९९७ चा ‘अल्टिमा ऑनलाइन’ आणि १९९९ चा ‘एव्हरक्वेस्ट’ यांनी त्यावर रंग चढवले, तरी माणसं तिथे लढण्याइतकीच बोलायला जात.

मला हा विषय चिकटला तो रायपूरमुळे. आमचं घर गुढियारीत, म्हणजे स्टेशनलगतच्या किराण्याच्या थोक बाजाराच्या वस्तीत. घरात मराठी, दुकानात हिंदी, हमालांशी छत्तीसगढी, सिंधी व्यापाऱ्यांच्या आपापसातल्या बोलण्यातलं कानावर पडेल तेवढं. त्या बाजारात ओडिशाचा गिऱ्हाईक आणि इथला दुकानदार दिवसभराचा व्यवहार मूठभर शब्दांवर उरकताना मी लहानपणापासून पाहिलेत: भाव, पोती, उधार, उद्या. पुढे जपानी कन्सोलवरच्या दोन खेळांविषयी वाचताना लक्षात आलं, की तिथल्या लोकांनी अशाच मूठभर शब्दांची सोय मुद्दाम, विचार करून, यंत्रात बसवली होती. तेव्हापासून मी त्या सोयीच्या मागावर आहे.

आपल्याकडे ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम आले ते कॉम्प्युटरवर, सायबर कॅफेंतून. २००० च्या दशकाच्या मध्यात सिफीने ‘ए३’ आणला, लेव्हल अप कंपनीने कोरियाचा ‘रॅग्नारॉक ऑनलाइन’ आणला. २००४ च्या सरकारी धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं जात होतं, त्या काळातली ही गोष्ट. रोमन लिपीतली हिंदी टाइप करत पोरं तलवारी चालवायची. पुढे ते सर्व्हर बंद झाले, मग मोबाइल आला, आणि मधला कन्सोलचा टप्पा आपल्याकडे या खेळांपुरता घडलाच नाही. प्लेस्टेशन २ भारतातही पोचला, पण ज्या खेळाबद्दल मी पुढे लिहिणार आहे, त्याची प्लेस्टेशन आवृत्ती जपान आणि उत्तर अमेरिकेबाहेर निघालीच नाही. युरोपलाही ती मिळाली नाही. आपण तर प्लेस्टेशनच्या हिशेबात युरोपच्याच रांगेत.

सुरुवात सेगा या जपानी कंपनीपासून करायला हवी, आणि सेगात इसाओ ओकावा या माणसापासून. खेळांच्या इतिहासात डिझाइनरांची नावं टिकतात, पैसा घालणाऱ्यांची विरतात. ओकावांचा जन्म १९२६ चा. १९६८ मध्ये त्यांनी सीएसके ही कॉम्प्युटर सेवा देणारी कंपनी काढली, पुढे सेगा तिच्या पंखाखाली आली आणि ते सेगाचे अध्यक्ष झाले. त्या कंपनीत इंटरनेटवर त्यांच्याइतका विश्वास क्वचितच कुणाचा असेल. २७ नोव्हेंबर १९९८ ला सेगाचा ड्रीमकास्ट हा कन्सोल जपानमध्ये आला तो मॉडेम सोबत घेऊनच, वेग ३३.६ केबीपीएस. तेव्हा जपानमध्ये इंटरनेटचं बिल मिनिटांवर चढे, त्यामुळे तासन्‌तास ऑनलाइन खेळायचं म्हटलं की घरात भांडण ठरलेलं. ‘सोनिक’ या खेळाचे निर्माते युजी नाका यांनी नंतर मुलाखतींत सांगितलं आहे, की ड्रीमकास्टबरोबर ग्राहकांना जी इंटरनेटची मोफत सोय मिळाली, तिचा भार ओकावांनी स्वतःच्या खिशातून उचलला होता. याच ओकावांनी नाकांना बोलावून ऑनलाइन खेळ करायला लावला.

नाका आणि त्यांच्या सोनिक टीमने ‘डायब्लो’, ‘अल्टिमा ऑनलाइन’ असे कॉम्प्युटरवरचे खेळ पाहिले आणि त्यातलं बरंचसं बाजूला ठेवलं. हजारोंचं जग त्यांनी केलंच नाही. चार जणांची तुकडी, एक ग्रह, पायोनियर २ नावाचं वर तरंगणारं जहाज. ‘फँटसी स्टार ऑनलाइन’ २१ डिसेंबर २००० ला जपानमध्ये विक्रीला आला. इकडे छत्तीसगढ राज्य होऊन दोन महिनेही झाले नव्हते. पुढच्या महिन्यात तो अमेरिकेत आणि पाठोपाठ युरोपात पोचला, आणि सेगाने सगळ्यांना एकमेकांत मिसळू दिलं.

आता चार जणांच्या तुकडीत एक ओसाकाचा, एक ल्योंचा, एक टेक्ससचा असेल तर काय? ड्रीमकास्टला कीबोर्ड जोडता येत असे, पण तो वेगळा विकत घ्यावा लागे आणि बहुतेकांच्या हाती फक्त कंट्रोलर असायचा. सोनिक टीमने यावर ‘वर्ड सिलेक्ट’ काढलं. बटणांनी यादी उघडायची, वाक्याचा साचा निवडायचा, त्यात शब्द भरायचे: शत्रू, दार, औषध, मदत, थांब. समोरच्याच्या पडद्यावर ते वाक्य त्याच्या भाषेत उमटे. जपानी, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश अशा पाच भाषा. यात यंत्राने अर्थ ओळखण्याचा प्रश्नच नव्हता, कारण प्रत्येक वाक्य माणसांनी आधीच पाचही भाषांत लिहून ठेवलं होतं. म्हणून ते चुकत नसे. शिवाय ‘सिंबॉल चॅट’ होतं: वर्तुळं, रेषा, डोळे, तोंडं जुळवून स्वतःचं चित्र बनवायचं आणि बोलण्याच्या फुग्यात दाखवायचं. इमोजी हा शब्द जगभर पोचायच्या कितीतरी आधी लोक रात्र-रात्र बसून रागावलेले, लाजलेले, झोपाळलेले चेहरे तयार करत होते आणि एकमेकांना देत होते.

या खेळाच्या कथेतही बोलण्याचीच गोष्ट आहे, आणि ती मला फार आवडते. ग्रहावर आपल्या आधी रिको टायरेल नावाची एक शिकारी गेलेली असते. जंगलात, गुहांत, खाणीत तिने जागोजागी संदेश ठेवलेले असतात आणि आपण ते ऐकत तिच्या मागे खोल उतरत जातो. ती भेटत नाही, तिचं बोलणं मात्र भेटत राहतं.

एका बाबतीत सोनिक टीमची फसगत झाली. खेळाडूचं पात्र सर्व्हरवर न ठेवता कंट्रोलरमध्ये खोचायच्या छोट्या मेमरी कार्डावर साठवलं जाई. घरच्या कार्डात जे आहे ते बदलणं हुशार पोरांना काय अवघड? दुर्मिळ शस्त्रांच्या नकला निघाल्या, दुसऱ्याची सामग्री लुबाडण्याच्या युक्त्या निघाल्या, आणि अनोळखी माणसाबरोबर उतरायला लोक बिचकू लागले. कॉम्प्युटरवरच्या मंडळींना हा धडा आधीच मिळाला होता: जे मौल्यवान ते आपल्या सर्व्हरवर ठेवायचं. कन्सोलवाल्यांना तो नव्याने, किंमत मोजून शिकावा लागला.

त्यात ड्रीमकास्टच संपला. ३१ जानेवारी २००१ ला सेगाने कन्सोलचं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्याच सुमारास ओकावांनी आपल्या वैयक्तिक संपत्तीतले सुमारे ८५ अब्ज येन सेगाला देऊन टाकले, आणि १६ मार्च २००१ ला ते वारले. एखाद्या माणसाने आपल्या विश्वासासाठी एवढी रक्कम ओतावी आणि त्याचं फळ दुसऱ्यांच्या यंत्रांवर धरावं, असं या धंद्यात तरी दुसरं उदाहरण माझ्या वाचनात नाही.

ते फळ धरलं स्क्वेअर या कंपनीच्या झाडाला. ‘फायनल फँटसी’चे जनक हिरोनोबू साकागुची तेव्हा चित्रपटाच्या कामासाठी हवाईत असत. तिथे त्यांना ‘एव्हरक्वेस्ट’चं वेड लागलं. आपल्या मालिकेतला अकरावा खेळ असा व्हावा, असं त्यांनी ठरवलं आणि काम कोइची इशी व हिरोमिची तानाका यांच्याकडे सोपवलं. जानेवारी २००० मध्ये योकोहामात नववा, दहावा आणि अकरावा असे तिन्ही भाग एकाच कार्यक्रमात जाहीर झाले. १६ मे २००२ ला ‘फायनल फँटसी ११’ प्लेस्टेशन २ वर जपानमध्ये सुरू झाला. सोबत वेगळी हार्ड डिस्क लावावी लागे, महिन्याला १,२८० येन भरावे लागत. विंडोजची आवृत्ती आली नोव्हेंबरात. म्हणजे कल्पना कॉम्प्युटरवरून उचललेली, जन्म कन्सोलवर, आणि मग परतीचा प्रवास कॉम्प्युटरकडे. कॉम्प्युटरवर बसणाऱ्यालाही कन्सोलसाठी बेतलेलंच जग मिळालं, आणि या खेळाची सगळी भांडणं त्यातूनच उगवली.

इशी-तानाकांनी लढाईचा वेग मुद्दाम संथ ठेवला. हल्ला सुरू केला की पात्र आपोआप वार करत राहतं. आपण यादीतून जादू किंवा कसब निवडायचं. त्यापुढची सोय होती मॅक्रोची. कंट्रोलरचं एल२ दाबून धरलं की दहा खण उघडत, आर२ धरलं की आणखी दहा. एका खणात सहा ओळी लिहून ठेवता येत. एका ओळीत जादूचा हुकूम आणि दुसऱ्या ओळीत सोबत्यांना निरोप: ‘मी आता बरं करतोय’, ‘राक्षसाला माझ्याकडे ओढतोय’. म्हणजे बोलणं आधीच लिहून बोटाखाली ठेवायचं आणि वेळ आली की एका दाबात सोडायचं. चांगला खेळाडू कोण, हे त्याच्या मॅक्रोंवरून कळे.

त्या जगात, व्हॅनाडीलमध्ये, एकट्याने फार पुढे जाता येत नसे. सहा जणांची तुकडी लागे. एकाने मार अंगावर घ्यायचा, एकाने जखमा भरायच्या, एकाने गाणी म्हणून बाकीच्यांची ताकद वाढवायची. दोघांनी आपले खास वार ठरलेल्या क्रमाने, काही सेकंदांच्या आत केले तर त्यांची साखळी जुळे आणि जादा इजा होई. त्या क्षणावर जादूगाराने आपला मंत्र टाकला तर आणखी. क्रम चुकला की सगळं वाया. मेलात तर अनुभवाचे गुण कमी होत, कधी पातळीच एकाने खाली येई. संध्याकाळभराची कमाई एका गैरसमजात जाऊ शके. अशा खेळात बोलणं ही करमणूक राहत नाही, ती सुरक्षेची बाब होते.

आणि याच खेळात स्क्वेअरने, एव्हाना स्क्वेअर एनिक्सने, जगभरच्या लोकांना एकाच सर्व्हरवर बसवलं. २८ ऑक्टोबर २००३ ला अमेरिकेत विंडोजची आवृत्ती निघाली, २३ मार्च २००४ ला प्लेस्टेशनची, ४० जीबीच्या हार्ड डिस्कसकट ९९.९९ डॉलरला. नवख्या अमेरिकनांसाठी वेगळी जागा केली नाही. ज्या सर्व्हरवर जपानी लोक सतरा महिने नांदत होते, तिथेच त्यांना सोडलं. व्हॅनाडीलचा एक दिवस आपल्या जवळपास ५८ मिनिटांचा. त्या जगाला आपला सूर्य ठाऊकच नाही. टोकियो झोपायला जाई तेव्हा न्यूयॉर्क जागं होई, आणि जग कधी ओस पडत नसे.

बोलण्यासाठी ‘ऑटो-ट्रान्सलेट’ दिलं. फँटसी स्टारच्या यादीचीच ही मोठी बहीण. शब्दाची सुरुवात टाइप करून टॅब दाबा, किंवा कंट्रोलरने याद्या उलगडत जा: अभिवादनं, प्रश्न, उत्तरं, डावपेच, देवघेव, ठिकाणं, शस्त्रं, मंत्र. निवडलेलं वाक्य हिरव्या आणि लाल कंसात बसून जाई आणि जपानी माणसाला जपानीत, इंग्रजी माणसाला इंग्रजीत दिसे. पुढे फ्रेंच आणि जर्मनची भर पडली. मी या याद्या खेळात शिरून वरपासून खालपर्यंत वाचल्या आहेत, आणि माझ्या मते त्या एका मोठ्या कलाकृतीचा दुर्लक्षित भाग आहेत. कुणीतरी बसून विचार केला होता, की ज्यांची भाषा एक नाही अशा सहा माणसांना रानात काय काय म्हणावं लागेल. ‘हे मला मिळेल का?’ ‘हो, द्या.’ ‘नको, धन्यवाद.’ ‘भेटून आनंद झाला.’ ‘माफ करा.’ समोरच्या राक्षसाची ताकद आजमावता न आल्यास खेळ जो शेरा देतो, तोही यादीत आहे. रोजच्या वापराने ही वाक्यं कंसासकट खेळाडूंची बोलीच झाली. इंग्रजी बोलणारे दोघे आपापसातही, गरज नसताना, कंसातलं ‘नको, धन्यवाद’ वापरत.

तरीही भांडण झालं, आणि ते वर्षानुवर्षं चाललं. तुकडी शोधणाऱ्या खेळाडूला आपल्या नावापुढे एक ओळ लिहिता येई. २००३ नंतर कित्येक जपानी नावांपुढे ‘जेपी ओन्ली’, म्हणजे ‘फक्त जपानी’, असं दिसू लागलं. अमेरिकन खेळाडू भडकले. पैसे आम्हीही भरतो, मग हा भेद कसला? त्यात दुर्मिळ राक्षसांवरून चुरस होती. फाफनिरसारखा राक्षस एकदा मेला की २१ ते २४ तासांनी परत येई, आणि त्याच्यासाठी जपानी आणि इंग्रजी गट एकाच दरीत ताटकळत उभे राहत. ज्याचा पहिला वार त्याची शिकार. तिथे कुणी कुणाला कंसातली सभ्य वाक्यं म्हणत नसे.

दोन्ही बाजू वाचून झाल्यावर माझं मन जपानी खेळाडूंकडे थोडं झुकतं, पण त्यांच्या त्या ओळीकडे नाही. त्यांची तक्रार खरी होती. साखळीचा क्रम बदलायचा असेल, मागून दुसरा राक्षस येत असेल, तर ते सांगायला यादीतलं वाक्य शोधण्याइतका वेळ नसतो, आणि चूक झाली तर सहाही जणांचं नुकसान. अमेरिकनांना जे वंशभेदासारखं वाटलं, त्यामागे बहुतेक वेळा एक थकलेला माणूस होता. कामावरून येऊन त्याच्याकडे दोन तास होते आणि ते त्याला घालवायचे नव्हते. पण ‘फक्त जपानी’ लिहून त्याने दार बंद केलं, आणि यादी लिहिणाऱ्यांचे श्रम तेवढ्यापुरते फुकट घालवले. कंपनीने त्यावर सर्व्हर वेगळे केले नाहीत, याबद्दल मला तिचा आदर वाटतो. सोपा मार्ग तोच होता. प्रादेशिक सर्व्हर ही या धंद्यातली सर्वसाधारण पद्धत, आणि ती घेतली असती तर कुणी बोट दाखवलं नसतं. हिशेबानेही त्यांना साथ दिली. जानेवारी २००४ पर्यंत वर्गणीदार पाच लाखांवर गेले, आणि २०१२ मध्ये कंपनीचे प्रमुख योइची वाडा यांनी सांगितलं, की सगळ्या फायनल फँटसींत सर्वाधिक नफा देणारा खेळ हाच.

त्याच काळात इतरांनी काय केलं, ते भराभर पाहू. सोनीने ‘एव्हरक्वेस्ट ऑनलाइन ॲडव्हेंचर्स’ ११ फेब्रुवारी २००३ ला प्लेस्टेशन २ वर आणला. ३२ एमबी मेमरीच्या यंत्रात, हार्ड डिस्कशिवाय, डिस्क फिरता-फिरता पुढचं रान उभं करत मैलोन्‌मैल सलग चालता येई. तंत्राच्या दृष्टीने हे नवल होतं, आणि त्याची दखल फारच कमी घेतली गेली. २९ मार्च २०१२ ला सर्व्हर बंद झाले. आज ती डिस्क यंत्रात घातली तरी सोनीच्या बाजूने उत्तर द्यायला कुणी नाही. मायक्रोसॉफ्टने उलटा मार्ग धरला: टायपिंगऐवजी आवाज. एक्सबॉक्ससाठी जपानच्या लेव्हल-५ कडून ‘ट्रू फँटसी लाइव्ह ऑनलाइन’ करून घेताना एका वेळी अनेकांचे आवाज खेळवण्याचा आग्रह होता. तो पेलवला नाही, आणि जून २००४ मध्ये खेळच रद्द झाला. ‘स्टार वॉर्स गॅलेक्सीज’ आणि ‘एज ऑफ कोनन’ यांच्या कन्सोल आवृत्त्या जाहीर होऊन कागदावरच राहिल्या. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ तर कन्सोलच्या वाटेला गेलाच नाही. २०१५ मध्ये ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ कन्सोलवर आला, तेव्हाही सुरुवातीला लिहून गप्पा मारायची सोय नव्हती, फक्त आवाज. ज्याला परक्या भाषेत बोलायचा संकोच वाटतो, ज्याच्या घरात आजी झोपलेली असते, त्याने गप्पच बसायचं. आवाज हा मला या प्रश्नावरचा आळशी उपाय वाटतो.

‘फायनल फँटसी ११’ एप्रिल २००६ मध्ये एक्सबॉक्स ३६० वरही आला आणि एक अपूर्व गोष्ट घडली: सोनीचं यंत्र, मायक्रोसॉफ्टचं यंत्र आणि विंडोज, तिन्हींवरची माणसं एका तुकडीत. पण त्याबरोबर दुसरं भांडणही पिकलं. सामान ठेवायला जागा वाढवा, पडद्याची रचना सुधारा, असं काहीही मागितलं की उत्तर येई: प्लेस्टेशन २ ची मर्यादा. विंडोजवाल्यांनी त्या तीन शब्दांची चेष्टा करून करून त्यांची म्हण केली. नवं यंत्र विकत घेतलेल्याला वाटे, की जुन्या यंत्रावरचा शेजारी आपला पाय ओढतोय. मला मात्र त्या शेजाऱ्याची बाजू घ्यावीशी वाटते. मार्च २००० मध्ये बाजारात आलेलं यंत्र ३१ मार्च २०१६ पर्यंत त्या जगात जाऊ शकत होतं. एकदा घेतलेल्या वस्तूने सोळा वर्षं साथ द्यावी, ही आजच्या जमान्यात केवढी गोष्ट आहे! त्या तारखेला प्लेस्टेशन २ आणि एक्सबॉक्स ३६० ची सेवा थांबली. मर्यादा काही लगेच पळाल्या नाहीत, कारण खेळाचा पायाच प्लेस्टेशन २ च्या साधनांवर रचलेला होता. विंडोजवर तो अजून चालू आहे.

‘फायनल फँटसी’च्या चौदाव्या भागाची कथा थोडक्यात. ३० सप्टेंबर २०१० ला तो विंडोजवर आला आणि सपशेल पडला. डिसेंबरात नाओकी योशिदांकडे सूत्रं गेली. २०१४ च्या एका परिषदेत त्यांनीच सांगितलं, की जुन्या खेळात एका कुंडीवर खेळाडूच्या पात्राइतकेच, म्हणजे हजार बहुभुज खर्ची पडत होते. असलं जग प्लेस्टेशन ३ च्या २५६ अधिक २५६ एमबी मेमरीत मावणार नव्हतं. योशिदांनी जुना खेळ चालू ठेवून शेजारी नवा बांधला आणि २७ ऑगस्ट २०१३ ला तो विंडोज व प्लेस्टेशन ३ वर एकदमच उघडला. त्यातली ‘क्रॉस हॉटबार’ म्हणजे अकराव्या भागातल्या एल२-आर२ च्या युक्तीचीच वाढ: एका बाजूला आठ, दुसऱ्या बाजूला आठ, सोळा कसबं अंगठ्याखाली. त्यावर इतके लोक खूश झाले, की विंडोजवरही अनेक जण कंट्रोलरनेच खेळतात.

एक्सबॉक्सवर मात्र तो आला नाही. २००६ मध्ये उघडं असलेलं दार आता बंद होतं. आपल्या जाळ्यातल्या लोकांना बाहेरच्यांशी खेळू द्यायचं नाही असं मायक्रोसॉफ्टचं धोरण, आणि माणसं वेगळी काढणार असाल तर आम्ही येत नाही असा योशिदांचा हट्ट. हा हट्ट त्यांनी दहा वर्षं धरला. जुलै २०२३ मध्ये लास वेगासच्या मंचावर एक्सबॉक्सचे प्रमुख फिल स्पेन्सर त्यांच्या शेजारी उभे राहिले, आणि २१ मार्च २०२४ ला खेळ नव्या एक्सबॉक्सवर सुरू झाला. एकाच सर्व्हरवर सगळे, हे इशी-तानाकांचं तत्त्व योशिदांनी यंत्रांच्या बाबतीत तरी सोडलं नाही.

पण दरम्यान एक वेगळाच बदल घडला होता आणि तो मला खुपतो. २ ऑगस्ट २०१२ ला निन्टेन्डो वीवर आलेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट १०’ मध्ये दुसऱ्या खेळाडूचं पात्र भाड्याने घ्यायची सोय होती. तो माणूस झोपलेला असला तरी त्याचं पात्र तुमच्याबरोबर लढायला येई, यंत्राच्या अकलेने. डिसेंबर २०१३ मध्ये अकराव्या भागात ‘ट्रस्ट’ आला: कथेतली पात्रं बोलावून तुकडी भरा, माणसं शोधायची गरज नाही. २०२२ पासून चौदाव्या भागातही कथेच्या वाटेवरच्या मोहिमा यंत्राच्या सोबत्यांना घेऊन करता येऊ लागल्या. याची कारणं समजण्यासारखी आहेत. जुन्या खेळात लोक विरळ झाले, वेळ कुणाकडे उरला नाही, लाजाळू माणसाला अनोळखी तिघांसमोर चुका करायला नको वाटतं. ‘फक्त जपानी’वाल्या त्या थकलेल्या माणसाला अखेर त्याच्या मनासारखे सोबती मिळाले. ते कधी चुकत नाहीत, कुठलीही भाषा बोलायला लावत नाहीत.

मला ते उत्तर मान्य नाही. कीबोर्ड नाही म्हणून आधी लोकांनी पाच भाषांत वाक्यं लिहून ठेवली, चेहरे रेखाटले, सहा ओळींत निरोप कोंबले. त्या अडचणीतून माणसं एकमेकांपर्यंत पोचत होती. आता अडचण सुटली ती माणूसच वगळून. एक्सबॉक्सवर आज नव्याने आलेला खेळाडू पहिल्या मोहिमेत तीन माणसांऐवजी तीन पात्रं निवडू शकतो. त्याने माणसं निवडावीत अशी माझी कळकळ आहे. कंसातली यादी चौदाव्या भागातही आहे, जपानी, इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन या चार भाषांत. त्यांतली कुठलीही आपली नाही, तरी ‘भेटून आनंद झाला’ हे वाक्य कंट्रोलरच्या चार-पाच बटणांवर सापडतं.